शेवई, नूडल आणि डोंगरावरचे चिनी

शाळा सुटते, वह्यांचा गठ्ठा पिशवीत कोंबला जातो, आणि वडापने मेढ्याला घरी पोचेपर्यंत मगरिबची अजान कानावर येते. घरात मोठी माणसे दोघेही नोकरीवर, मुले भुकेली, आणि भाकरीचे पीठ मळायचे त्राण कुणातच नसते. अशा दिवसांसाठी आमच्या घराने गेल्या काही वर्षांत एक जेवण ठरवून टाकले आहे. मुले त्याला 'चायनीज' म्हणतात. हक्का नूडल्सच्या दोन लाद्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल. चार-पाच मिनिटांत उपसून चाळणीत गार पाण्याखाली धरायच्या, नाहीतर त्यांचा गोळा होतो. तोवर लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापलेली असते. ठेचलेला लसूण, आले, हिरवी मिरची, मग उभा चिरलेला कोबी, गाजर, ढबू मिरची. भाजी कुरकुरीत असतानाच सोया सॉस आणि सिरका, वरून दोन अंडी फोडायची, नूडल्स टाकून चार हात द्यायचे. आदल्या दिवशीची यखनी उरली असेल तर ती उकळून वाडग्यात वरून ओतायची आणि कांद्याची पात पेरायची. वीस मिनिटांत चार वाडगी तयार.

एका रात्री दादीने आपले वाडगे हातात घेतले, चमच्याने दोन-तीन धागे वर उचलून दिव्याकडे धरले आणि विचारले, "ये तो अपनी शेवयां हैं. इनको तिखट कायको करते तुम लोगां?"

आम्ही हसलो. पण मुलांना इतिहास शिकवणाऱ्यांना असा प्रश्न टाळून चालत नाही. शेवई आणि नूडल एकच की वेगळ्या? आणि चायनीज म्हणजे कुठल्या चिन्यांचे? उत्तर शोधत गेलो तर चीन, इराण, सिसिली असा मोठा फेरा घडला, आणि शेवटी आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, केळघरचा घाट चढून महाबळेश्वरला येऊन थांबलो.

आधी दादीच्या शेवयांविषयी. आमच्या भागात शेवयांना खपली गहू लागतो. तो ओलवून, कापडात बांधून ठेवून, मग दळून, वस्त्रगाळ करून त्याचा रवा काढायचा. रवा भिजवून, कुटून कुटून अगदी लोण्यासारखा मऊ करायचा. उतरत्या पाटावर, ज्याच्या अंगावर बारीक रेघा कोरलेल्या असतात, गोळा ठेवून तळहाताने पुढे सारायचा आणि खाली सुटणारे धागे दुसऱ्या हाताने ओढत ओढत काठीवर टांगायचे. चैत्र-वैशाखाचे ऊन, अंगणात बाज, बाजेवर धुतलेले धोतर. हे एका बाईचे काम नव्हेच. दादी सांगते, गल्लीतल्या सगळ्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जात. शेजारच्या काकूंच्या घरी लग्न असले की गव्हले, नखुले, मालत्या वळायला आमच्या घरच्या बाया बसत, आणि ईद उन्हाळ्यात आली की त्या काकू आमच्या अंगणात पाट घेऊन येत. पुढे बाजेच्या माच्याला आवळून बसवायचे, हाताने फिरवायचे यंत्र आले. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने धागे झेलायचे. त्यानंतर पाकीट आले आणि अंगण रिकामे झाले.

या शेवयांचा शिरखुर्मा होतो. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. मग शेवईला फारसीत काय म्हणतात? 'रिश्ता'. उर्दूच्या वर्गात हा शब्द आम्ही रोज वापरतो, पण नाते या अर्थाने. त्याचा मूळ अर्थ धागा. इराणात आजही नूडल घातलेल्या दाट सूपला 'आश-ए-रिश्ता' म्हणतात. १०३७ साली वारलेले हकीम इब्न सीना यांनी आपल्या 'अल-क़ानून' या वैद्यकग्रंथात 'इत्रिया' नावाच्या, बेखमिरी कणकेच्या पट्ट्यांच्या पदार्थाची नोंद केली आहे, आणि आपल्या मुलखात त्याला रिश्ता म्हणतात असेही तिथे सांगितले आहे. पुढे ११५४ साली भूगोलतज्ज्ञ अल-इद्रिसी यांनी सिसिलीच्या राजा रॉजरसाठी जगाचे वर्णन लिहून पूर्ण केले. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन येते. तिथल्या पाणचक्क्यांवर दळून इतकी इत्रिया बनते की ती जहाजे भरभरून मुसलमानी आणि ख्रिस्ती मुलखांत जाते, असे ते सांगतात. मार्को पोलोने चीनहून इटलीत नूडल नेली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांबाहेर अजून सांगितली जाते. तो परतला १२९५ साली. म्हणजे त्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी ही जहाजे भरत होती.

मग चीनचे काय? चीनचा दावा याहून फार जुना आहे. २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात, चिंगहाय प्रांतातल्या लाजिया या ठिकाणी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भूकंप आणि पुराने गाडली गेलेली एक वस्ती उकरताना मातीचे एक पालथे वाडगे सापडले. ते उचलले तर खाली पिवळसर, बारीक, हातभर लांब धागे गुंडाळलेले. कुणाचे तरी जेवण व्हायचे राहून गेले होते. तपासणीत ते गव्हाचे नव्हे, राळ्यासारख्या भरड धान्याचे निघाले. भरड धान्यात चिकटा नसतो, तेव्हा हे धागे ओढले कसे, की साच्यातून दाबून पाडले, यावर पुढे संशोधकांत वाद झाला. आमच्या जावळीच्या डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते, त्यामुळे इथल्या कुणाही म्हातारीने या वादात आपले मत दिले असते.

हे लाजिया ज्या तालुक्यात आहे त्याच्या अधिकृत नावातच 'ह्वेई' हा शब्द आहे. ह्वेई म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान. तिथून पीत नदीच्या काठाने खाली आले की लानचौ हे मोठे शहर लागते. तिथली गोमांसाच्या रश्श्यातली हाताने ओढलेली नूडल साऱ्या चीनमध्ये खाल्ली जाते, आणि तिचे आजचे रूप १९१५ च्या सुमारास मा बाओझी नावाच्या ह्वेई मुसलमानाच्या हातून घडले असे मानले जाते. कणकेचा गोळा दोन्ही हातांत धरून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. एकाचे दोन, दोनाचे चार असे धागे होत जातात. पाट नाही, यंत्र नाही. अशा दुकानांवर चिनी अक्षरांशेजारी अरबीत 'हलाल' लिहिलेले असते. चायनीज हे आपले खाणे नव्हे, असे आमच्या मोहल्ल्यात अजूनही काही वडीलधारे म्हणतात. त्यांना हे सांगावेसे वाटते. (सिरका चालतो का, असे विचारणारेही भेटतात. सिरका तर पैगंबरसाहेबांच्या आवडीचा.)

आता महाबळेश्वर.

ते इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण कसे झाले हे सातारकरांना सांगायला नको. १८२९ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून वाई भागातल्या खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगर घेतला. त्यांच्या नावाने माल्कमपेठ वसली. पण डोंगरावर पेठ वसवायची तर रस्ते हवेत, बाग हवी, साहेब लोकांच्या टेबलावर भाजी हवी, आणि हे सारे करायला स्वस्त हात हवेत. ते हात सरकारने समुद्रापलीकडून आणले. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या सिंगापूर, पिनांग, मलाक्का या वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलाय कैदी मुंबई इलाख्यात पाठवले जात. १८३० च्या दशकात त्यांच्यासाठी महाबळेश्वरला तुरुंग उभा राहिला आणि तो १८६४ साली बंद झाला. एका वेळी शंभर-सव्वाशे माणसे तिथे असत.

हा व्यवहार दुतर्फी होता हेही ध्यानात घ्यावे. इकडचे कैदी तिकडे, तिकडचे इकडे. हिंदुस्थानातले, त्यात मुंबई इलाख्यातलेही, गुन्हेगार ठरलेले लोक जहाजाने सिंगापूरला नेले जात. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते तिथले सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल १८५० च्या दशकात हिंदी कैद्यांच्या मजुरीवर उभे राहू लागले. सरकारचा हिशेब साधा होता. कैद्याला त्याच्या भाषेपासून, नात्यागोत्यापासून इतके दूर न्यायचे की पळून जायला जागाच राहू नये. आपल्याकडे त्याला काळे पाणी म्हणत. त्या चिनी-मलाय माणसांचे काळे पाणी म्हणजे आमचा सह्याद्री.

त्यांनी डोंगरावर रस्त्यांची कामे केली आणि बागा केल्या. बटाटा आणि साहेबी भाज्या पिकवून माल्कमपेठेला पुरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. महाबळेश्वरला 'चायनामन फॉल' नावाचा धबधबा आहे. त्याच्या माथ्यावर चिन्यांचे भाजीचे मळे होते, त्यावरून हे नाव पडले. पर्यटकांच्या यादीत लिंगमळा, धोबी आणि चायनामन ही तीन नावे एका दमात घेतली जातात. हा चायनामन कोण, हे कुणी विचारत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारले नव्हते.

वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस पडणारी ही जागा. धुक्यात चार-चार महिने सूर्य दिसायचा नाही. त्यात गरम दर्यावरची ही माणसे कोबी-बटाट्याची वाफे ओढत होती. मलाय लोक बहुतांशी मुसलमान. म्हणजे त्या तुरुंगात कुणीतरी रोजे धरत असणार, धुक्यातून ईदचा चांद शोधत असणार. आणि चिनी लोक रोजच्या शिध्यातल्या पिठाकडे पाहून काय म्हणत असतील? त्यांनी या डोंगरावर नूडल केली असे सांगायला कागद नाही आणि तशी गोष्ट रचण्याचा आमचा विचारही नाही. एवढे मात्र म्हणता येते की आज रात्री आमच्या कढईत पडणारी उभी चिरलेली भाजी सातारच्या डोंगरावर रुजवण्यात ज्यांचे हात होते, त्यांत चिनी हात होते. ते कैद्यांचे हात होते.

कैदी म्हणून जसे आले, तसे स्वतःच्या पायांनीही आले. १७८० च्या आसपास आछू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याच्या दक्षिणेला जमीन दिली. त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला अजून आचिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी त्याच्या कबरीवर जातात. त्यानंतर आलेल्यांत 'हक्का' लोक पुष्कळ होते. आमच्या नूडल्सच्या पाकिटावर छापलेला हाच तो शब्द, आणि तो पदार्थाचा नाही, माणसांचा आहे. चिनी भाषेत त्याचा अर्थ 'पाहुणी घराणी'. चीनमध्येच उत्तरेकडून दक्षिणेला सरकत गेलेले हे लोक तिथेही शेकडो वर्षे पाहुणेच म्हणवले गेले. कलकत्त्यात त्यांनी टांग्रा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. जे काम उच्चवर्णीय हिंदू विटाळ मानून टाळत आणि जे इथल्या चर्मकारांच्या व मुसलमानांच्या वाट्याला आले होते, तेच या पाहुण्यांना मोकळे मिळाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने प्रदूषणामुळे शहराबाहेर हलवायला सांगितले, तेव्हा टांग्र्याची ओळख उरली ती हॉटेलांची.

मुंबईतही माझगावला चिन्यांची वस्ती होती. त्यांचे १९१९ साली बांधलेले देऊळ नवाब टँक रोडजवळ अजून उभे आहे. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग १९७४ मध्ये मुंबईला आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले म्हणून त्यांनी कोंबडीचे तुकडे तळले, आले-लसूण-हिरवी मिरचीची आपली नेहमीची फोडणी केली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला. हेच ते चिकन मंचुरियन, असे ते सांगत आले. मांचुरियात ते कुणाला ठाऊक नाही. ते मुंबईचे, वडापावाइतकेच.

पण कलकत्त्याचे चिनी मुंबईकडे, कॅनडाकडे का पांगले, हा धडा शाळेच्या पुस्तकात नसतो. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध झाले. त्यानंतर आसाम, बंगाल आणि आसपासच्या भागांतून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांतले पुष्कळ भारतातच जन्मलेले होते. चहामळ्यातले सुतार, दाताचे वैद्य, चांभार, शाळेत जाणारी पोरे, म्हाताऱ्या बाया. गुन्हा कुणावरही शाबीत झाला नव्हता. काहीजण १९६७ पर्यंत आत होते. बाहेर आल्यावर कित्येकांची घरेदारे लिलावात गेलेली होती. जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांनी या लोकांच्या हकिकती गोळा करून २०२० साली पुस्तक केले. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला.

वर्तमानपत्र उघडले की आधी आरोपीचे नाव कुठले हे पाहायची सवय ज्या घरांना लागली आहे, त्या घरात ही हकिकत वाचायला वेळ लागतो. आम्ही दोन पाने वाचून पुस्तक मिटले, पुन्हा उघडले. सरहद्दीवर काही घडले की आपला शेजारी आपल्याकडे किंचित निराळ्या नजरेने पाहतो की काय, हा विचार मनात येणे हेच वाईट, आणि तो येतो. त्या चिन्यांना तेव्हा कुणी विचारले नाही की तुमचा आजा कुठे पुरला आहे.

त्याच २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान शहीद झाले. सारा देश हळहळला, आमच्याही मशिदीत दुआ झाली. त्या दिवसांत, मूळचे सांगली जिल्ह्यातले केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी अशी मागणी केली. लोकांनी ती हसण्यावारी नेली. आमच्याकडचे चायनीजचे गाडे चालवणारी पोरे जावळीची, पाटणची, कुणी नेपाळची. कोबी वाईचा, लसूण इथलाच, शेजवान चटणीतली मिरची बेडगी. बंदी आली असती तर ती चीनवर आली नसती एवढे खरे. लॉकडाऊनमुळे तेव्हा गाडे बंदच होते म्हणा.

झटपटपणाचा इतिहासही थोडक्यात सांगतो, कारण आमच्या वीस मिनिटांचे मूळ त्यात आहे. स्वित्झर्लंडच्या ज्यूलियस मॅगी यांनी १८८६ मध्ये डाळीच्या पिठाचे तयार सूप बाजारात आणले ते गिरणीत राबणाऱ्या बायांसाठी, ज्यांना स्वैपाकाला वेळ उरत नसे. तैवानमध्ये जन्मलेल्या मोमोफुकू अंदो यांनी युद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये नूडलच्या वाडग्यासाठी थंडीत लागलेली रांग पाहिली होती. शिजवलेली नूडल तेलात तळून वाळवली तर तिला बारीक छिद्रे पडतात आणि गरम पाण्यात ती पुन्हा फुलते, ही युक्ती त्यांना सापडली आणि २५ ऑगस्ट १९५८ रोजी पहिली इन्स्टंट नूडल विक्रीला आली. भारतात मॅगी १९८३ साली आली. आमच्या पिढीने मुळाक्षरे आणि दोन मिनिटे बरोबरच शिकली. तज्ज्ञ लोक मैद्याच्या नावाने बोटे मोडतात आणि त्यांचे खोटे नाही. पण त्यांतले किती जण संध्याकाळी साडेसहाला कढई तापवतात, हे एकदा मोजले पाहिजे. पाटावरच्या शेवयांना आठ बाया आणि दोन दिवस लागत. त्या बायांच्या नाती आज शाळेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत आहेत. शेवयांची चव गेली म्हणून आम्हीही हळहळतो, पण त्यांना परत अंगणात बसवून ती चव आणायची असेल तर नको.

दादीला हे सारे आम्ही तुकड्यातुकड्याने सांगितले. लाजियाच्या पालथ्या वाडग्याचे ऐकून ती गप्प झाली. "भूका गया होगा बिचारा," एवढेच म्हणाली. रिश्ता म्हणजे शेवई हे तिला मुळीच नवल वाटले नाही. माळ्यावरचा पाट तिने खाली काढायला लावला, पुसला, आणि तो तिरका झालाय म्हणून पुन्हा वर ठेवायला लावला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल महाबळेश्वरला गेली. केट्स पॉइंट, वेण्णा लेक, आणि आमच्या हट्टामुळे चायनामन फॉल. हिवाळ्यात धबधब्याला धार नव्हती, मुलांची निराशा झाली. आम्ही त्यांना कैद्यांची गोष्ट सांगितली. चिनी कैदी, मलाय कैदी, बटाट्याचे वाफे, चार महिन्यांचे धुके. निम्म्यांनी ऐकली, निम्मी माकडांकडे पाहत होती. परतताना केळघरच्या घाटात अंधार पडला. पाचवीतली एक मुलगी पुढच्या सीटवरून मागे वळली.

"वो मलाय लोगां मुसलमान थे ना? तो ईद को उनको शेवयां कौन देता था?"

बाकीच्या मुली झोपल्या होत्या. आम्ही म्हटले, घाट उतरू दे, मग सांगतो. खाली मेढ्याचे दिवे दिसू लागले होते.